पासंग

पितळेला आणि तांब्याला चिंच लावावी, हे मला कोणी मुद्दाम शिकवले नाही. आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी समया, तांबे, घंगाळ आणि देवघरातली निरांजने अंगणात येत. आजी चिंचेच्या कोळात थोडी राख मिसळून ती अशी घाशी, की दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे पाहवत नसे. त्यामुळे १९८३ साली लंडनमध्ये, चेरिंग क्रॉस स्थानकाजवळच्या शनिवारच्या बाजारात मी माझे पहिले बायझंटाईन नाणे विकत घेऊन घरी आणले, त्या संध्याकाळी मी काय केले असेल हे तुम्ही ओळखलेच असेल. कपाटात चिंच होती. राख नव्हती, म्हणून मीठ घेतले. अर्ध्या तासात नाणे नव्या पैशासारखे लखलखू लागले आणि मी समाधानाने झोपले.

पुढच्या शनिवारी मी ते त्याच विक्रेत्याला दाखवले. तो म्हातारा गृहस्थ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने दुसरे नाणे माझ्या हातावर ठेवले. त्यावर गडद हिरवी, गुळगुळीत, जवळजवळ ओलसर वाटणारी साय होती, आणि त्या सायीतच सम्राटाचे डोळे, शिरस्त्राणावरचा तुरा, ढालीवरची नक्षी सगळे टिकून होते. माझ्या नाण्यावरच्या सम्राटाला आता नाकच उरले नव्हते. तांबे जमिनीत शतकानुशतके पडले, की त्याच्या पृष्ठभागाचे क्षार बनतात आणि कोरलेली रेघ बहुधा त्या क्षारांच्या थरातच जगते. खालच्या धातूत ती असेलच असे नाही. आपण जिला मळ म्हणून घासून काढतो, तीच त्या वस्तूची कातडी असते. हे मी एक नाणे गमावून शिकले. ते नाणे मी अजून टाकलेले नाही. माझ्या संग्रहाच्या वहीत त्याचा क्रमांक एक आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘चिंच’ एवढाच शब्द आहे.

बायझंटाईन म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. विचारावे असाच तो शब्द आहे. शाळेत आपण सर्वांनी एक वाक्य पाठ केलेले असते : इ.स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले आणि युरोपियनांना भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाची निकड भासू लागली. आपल्या पाठ्यपुस्तकात ते शहर फक्त पडण्यापुरते येते. वास्तविक सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३३० मध्ये ते आपली राजधानी म्हणून प्रतिष्ठित केले आणि त्यानंतर अकराशे वर्षांहून अधिक काळ ते उभे होते. तेथील लोक स्वतःला बायझंटाईन म्हणवतही नसत. ते स्वतःला रोमनच म्हणत. आज रूढ असलेले नाव त्यांना राज्य बुडाल्यानंतरच्या शतकात युरोपातील पंडितांनी दिले. ज्या नावाने आपण कुणाला ओळखतो, ते नाव त्याने स्वतः कधी ऐकलेच नव्हते, हा प्रकार मला नेहमी थोडा अस्वस्थ करतो.

त्या अकराशे वर्षांत सम्राट आले-गेले, धर्मसभा भरल्या, युद्धे झाली. पण त्याच काळात माणसे दाराला कुलूप लावत होती, पट्टा कसत होती, पावावर ठसा उमटवत होती, मीठ-मासळी तोलून घेत होती. माझा संग्रह या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचा आहे. सोन्याची नाणी आणि हस्तिदंती फलक घेण्याची माझी ऐपत कधी नव्हती, आणि खरे सांगायचे तर ओढही नव्हती. मी एका रुग्णालयाच्या औषधविभागात तीस वर्षे काम केले. ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्यामधल्या दशांशचिन्हाची जागा चुकू नये, हेच माझे आयुष्यभराचे व्रत. अशा माणसाला ब्रॉंझची एक छोटी किल्ली पुरेशी असते. ती किल्ली अंगठीसारखी बोटात घालायची असे, म्हणजे पेटीची मालकीण झोपेतही ती हरवणार नाही. माझ्याकडची किल्ली इतक्या बारीक बोटाची आहे, की माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरापुढे ती जात नाही.

नाण्यांपासून सुरुवात झाली म्हणून आधी नाण्यांविषयी सांगते. माझे ते घासलेले नाणे जस्टिनियनचे होते. तांब्याच्या या मोठ्या नाण्याला फोलिस म्हणतात. त्याच्या पाठीमागे इंग्रजी एम्‌सारखे एक भले मोठे अक्षर असते. ते ग्रीक लिपीतले म्यू. ग्रीक लोक अक्षरांनीच अंक लिहीत आणि म्यू म्हणजे चाळीस. हे नाणे चाळीस नुम्मींचे. ही पद्धत सम्राट अनास्तासियसने ४९८ साली सुरू केली, कारण त्यापूर्वी बाजारात तांब्याची नखाएवढी चिल्लर तेवढी उरली होती आणि भाजी घ्यायलाही पुरचुंडी बांधून न्यावी लागे. पुढे ५३८ साली जस्टिनियनने त्या अक्षराच्या बाजूला आपल्या राज्यारोहणाचे वर्ष छापायला आरंभ केला. माझ्या नाण्यावर वर्ष बारावे आहे, म्हणजे ५३८-३९. खाली टांकसाळीच्या शहराच्या नावाची आद्याक्षरे. एवढे वाचता आले की तुम्ही दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ठराविक वर्षाचा, एका ठराविक शहरातला पैसा हातात धरून उभे असता. पहिल्यांदा मला ते वाचता आले, तेव्हा मी बसमध्ये होते आणि माझा थांबा निघून गेला.

पण फोलिस तुम्ही नुसते वाचू नका, तोला. ५३८ सालचे नाणे २२-२३ ग्रॅमचे भरते. हातात घेतले तर त्याचा भार जाणवतो. चारच वर्षांत प्लेगची भयंकर साथ आली, आणि त्यानंतर नाण्याचे वजन उतरू लागले. सातव्या शतकाच्या मध्यावर, पर्शियन आणि अरब आक्रमणांनी साम्राज्य अर्धे झाले तेव्हा, तेच चाळिसाचे चिन्ह पाच ग्रॅमच्या आसपासच्या एका वेड्यावाकड्या चकतीवर उमटलेले दिसते. कित्येकदा जुनेच नाणे कातरून त्यावर नवा ठसा मारलेला असतो आणि जुन्या सम्राटाचा कान नव्या सम्राटाच्या गालाखालून डोकावत असतो. अक्षर तेच, किंमत तीच आणि वजन मात्र चौथा हिस्सा! ज्या राज्याने दुकानदारांच्या मापांवर एवढी करडी नजर ठेवली, ते राज्य स्वतः मात्र प्रजेला असे काटा मारत होते.

शिशाच्या मोहरांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबाबत माझ्या हातून अपराध झाला आहे. पत्र दोऱ्याने बांधून त्या दोऱ्यावर शिशाची चकती बसवीत आणि लोखंडी चिमट्याने ती दाबीत. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांत अक्षरे कोरलेली असत. पत्रे गेली, दोरे कुजले, शिसे उरले. अमेरिकेतील डंबार्टन ओक्स या संस्थेत अशा सुमारे १७,००० मोहरा आहेत. पुष्कळ मोहरांवर एकच आर्जव असते : हे देवमाते, तुझ्या या सेवकाला साहाय्य कर. त्यापुढे सेवकाचे नाव आणि हुद्दा. माझ्याकडे अशी एक मोहर होती. निवृत्तीनंतर मी हौसेने ओक लाकडाचे खणांचे कपाट करवून घेतले आणि ती त्यात ठेवली. ओकमधून निघणाऱ्या आम्ल वाफा शिशाला खातात, हे मला ठाऊक नव्हते. दोन हिवाळ्यांनी खण उघडला, तेव्हा मोहरेच्या जागी पांढऱ्या भुकटीने माखलेला एक गोळा होता. हजार वर्षे जमिनीने सांभाळलेले नाव माझ्या कपाटाने दोन वर्षांत पुसले. तेव्हापासून कपाटात माझे स्वेटर आहेत आणि संग्रह साध्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह.

आता मूळ विषयाकडे येते. माझ्या वहीत सर्वांत जास्त पाने वजनांची आहेत.

बायझंटाईन वजने म्हणजे ब्रॉंझच्या छोट्या चौकोनी किंवा गोल चकत्या. त्यांवर अक्षरे कोरून कधीकधी त्या रेघांत चांदी भरलेली असते. मधोमध बहुधा क्रूस, एका बाजूला मापाचे अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्येचे. सोन्याचे नाणे एका रोमन पौंडात बहात्तर बसे, म्हणून एक नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे. बारा औंसांचा पौंड, म्हणून एका औंसात सहा नाणी. हा हिशेब आपल्या तोळा-मासा-गुंजेइतकाच घरगुती आहे. सोन्याच्या नाण्याचे चोवीस भाग मानीत आणि त्या भागाला एका झाडाच्या बीचे नाव होते. आपण आज सराफाकडे चोवीस कॅरट म्हणतो, तो कॅरट त्याच बीचा वंशज. आपली गुंजही अखेर वेलीवरची बीच आहे.

इ.स. ३६३ मध्ये सम्राट ज्युलियनने नाण्यांच्या वजनावरून होणारे तंटे मिटवण्यासाठी प्रत्येक शहरात एक तोलणारा अधिकारी नेमण्याची आज्ञा केली. जस्टिनियनने ५४५ च्या कायद्यात प्रमाण वजनमापे प्रत्येक शहराच्या मुख्य चर्चमध्ये ठेवावीत, असे फर्मावले. देवाच्या दारात ठेवलेली मापे तरी कोणी घासणार नाही, अशी अटकळ असावी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, यासी आदा बेटापाशी सातव्या शतकात बुडालेले एक गलबत १९६१ ते ६४ या वर्षांत पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी उकलले. त्यात एकदांडी काटे सापडले. दांडीवर पुढेमागे सरकणारे एक वजन अथीना देवीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे आहे. एका काट्याच्या दांडीवर मालकाचे नाव कोरलेले आहे : जॉर्जिओस, धर्मगुरू आणि गलबताचा नाखवा. अथीनेच्या त्या अर्धपुतळ्याचे कवच ब्रॉंझचे, पण आत शिसे ओतलेले. अशी सरकती वजने पोकळ ओतून आतल्या शिशाने भारास आणीत. ते शिसे लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आणि मग तो वाणी. दहाव्या शतकाच्या आरंभी, सम्राट सहावा लिओ याच्या काळात, कॉन्स्टॅन्टिनोपलच्या नगराधिपासाठी व्यापाऱ्यांच्या नियमांचे एक पुस्तक तयार झाले. त्यात सराफ आहेत, रेशीमवाले आहेत, अत्तरवाले आहेत, आणि एक प्रकरण चक्क किराणा दुकानदारांचे आहे. इतर धंदेवाल्यांना ठराविक पेठ. वाण्याला मात्र शहरभर कोठेही, चौकात वा गल्लीत, दुकान घालण्याची मुभा, कारण रोजच्या गरजेच्या वस्तू लोकांना दाराशी मिळाल्या पाहिजेत. तो काय विकतो? खारवलेले मासे, चीज, मध, तेल, कडधान्ये, लोणी, डांबर, ताग, बरण्या, खिळे. ही यादी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला हसू आले. मासे आणि चीज वगळले तर ते आमचेच दुकान होते. पुढच्याच ओळींनी मात्र हसू मावळले. ज्या वाण्याच्या मापांवर नगराधिपाच्या शिक्क्याची खूण नसेल, त्याला फटके, मुंडण आणि हद्दपारी.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावी किराणा दुकान चालवीत. दुकानाच्या मधोमध तागडी टांगलेली असे आणि तिच्या एका पारड्याखाली लाखेने चिकटवलेला दगडाचा एक तुकडा होता. दोन्ही पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला जो भार बांधतात, त्याला आपल्याकडे पासंग म्हणतात. लहानपणी मला तो तागडीचा एक दागिना वाटे. १९५८ नंतर शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, त्याबरोबर षट्कोनी लोखंडी वजने आली. त्या वजनांना बुडाशी एक खोबण असते, तीत शिसे भरलेले असते. कमीजास्त करायचे ते त्या शिशात, आणि सरकारी निरीक्षकाचा शिक्काही त्याच शिशावर. अण्णांचा हात सैल होता, असे गाव म्हणे. गूळ तोलून झाला, काटा झुकला, तरी ते एक खडा वर टाकीत आणि तो खडा पुष्कळदा गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या तोंडात जाई. सुगीत ते शेतकऱ्यांकडून शेंगा, हुलगे, घेवडा विकतही घेत. त्या वेळी तीच तागडी असे आणि तीच वजने.

मी दहा वर्षांची असेन, म्हणजे १९६४ साल. रात्री जेवायला बोलवायला दुकानात गेले. फळ्या लावलेल्या होत्या, आत कंदील होता. अण्णा जमिनीवर बसले होते. मांडीवर किलोचे वजन पालथे होते, हातात बारीक पटाशी होती आणि शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर शिशाचा एक खडा. त्यांनी वर पाहिले. दचकले नाहीत, रागावले नाहीत. “आईला सांग, पान वाढ म्हणावं,” एवढेच म्हणाले. ते शिसे काढत होते की भरत होते, हे मला कळले नाही. त्याच वर्षी शाळेत एका मुलीने भांडणात मला ‘तुझ्या बापाच्या मापात पाप’ असे म्हटले. ते सगळ्याच वाण्यांच्या मुलींना कधी ना कधी ऐकावे लागते. मी तिला उत्तर दिले नाही. नसतेच देता आले.

अण्णा १९९६ साली गेले. त्यापूर्वी मी त्यांना कितीदा भेटले. ओसरीवर बसून आम्ही पाऊसपाण्याच्या, इंग्लंडातल्या थंडीच्या, भावंडांच्या लग्नांच्या गप्पा मारल्या. तो कंदील मात्र आमच्यामध्ये कधी आला नाही.

आता तुम्हाला माझ्या वहीतील क्रमांक ४७ दाखवते. हे एक चौकोनी ब्रॉंझ वजन आहे, सुमारे सहाव्या शतकातले. एका नाणेमेळ्यात ते मी आमच्या आठवड्याच्या किराणा खर्चाएवढ्या किमतीला घेतले. वर क्रूस, डावीकडे गॅमा, उजवीकडे आल्फा : औंस, एक. रोमन औंस २७ ग्रॅमच्या आसपास भरतो. हे वजन भरते २४.६० ग्रॅम. जमिनीत धातू झिजतो, त्यामुळे थोडी तूट सर्वच जुन्या वजनांत असते. पण याच्या कडा शाबूत आहेत, अक्षरांत चांदीचे कण आहेत. भिंगाखाली मी ते उलटे केले आणि पाठीवर कानशीचे तिरके ओरखडे दिसले. ओरखड्यांवरून हिरवी साय अखंड गेलेली होती. म्हणजे ते आजच्या कोणा विक्रेत्याने केलेले नव्हते. वस्तू जमिनीत जाण्यापूर्वीच कोणीतरी तिला कानस लावली होती.

माझा पहिला विचार तुमच्याही मनात आला असेल : लबाड! पण वजन बनवण्याची रीतच अशी होती, की ते किंचित जड ओतायचे आणि मग घासून प्रमाणावर आणायचे. प्रामाणिक कारागिराची कानस आणि लबाड वाण्याची कानस एकाच प्रकारचा ओरखडा उठवतात. मी कित्येक संध्याकाळी त्या रेघा मोजल्या, त्यांची खोली पाहिली, संग्रहालयांच्या छापील सूच्या काढून इतर वजनांशी ताडून पाहिले. त्या सूच्यांतही प्रमाणापेक्षा हलकी वजने भरपूर आहेत. आरोप सिद्ध होत नाही आणि सुटकाही होत नाही. माझे पती एकदा म्हणाले, की या एका वजनावर तू इतका वेळ का घालवतेस, ते काय तुझे कोण लागते? मी दिवा मालवून झोपायला गेले.

या छंदाचे एक दुखणे येथे न लपवता सांगितले पाहिजे. साताठ वर्षांपूर्वी मी पट्ट्याचे एक सुंदर बक्कल घेतले. बायझंटाईन राज्यात पट्टा हे अधिकाराचे चिन्ह होते. पद मिळाले की पट्टा चढे, पद गेले की उतरे. घरी येऊन मी बक्कल कागदावर ठेवले, तर त्याच्या बिजागरीतून चिमूटभर माती पडली. ओलसर, तपकिरी, अगदी ताजी माती. विक्रेत्याने ‘जुन्या संग्रहातून’ असे सांगितले होते. जुन्या संग्रहातल्या वस्तूच्या बिजागरीत ओली माती कशी राहील? १९९० नंतर बाल्कन देशांत धातुशोधक यंत्रे घेऊन रात्री शेते आणि थडगी उकरणाऱ्या टोळ्यांविषयी मी वाचले होते. वाचून पान उलटलेही होते. ज्या थडग्यातून ते बक्कल आले, तेथे त्याच्याजवळ काय होते, ते माणसाच्या कमरेला होते की पायाशी ठेवले होते, तो माणूस तरुण होता की म्हातारा, हे सर्व त्या रात्री एका फावड्याने कायमचे पुसले गेले आणि फावड्याची मजुरी, उशिरा का होईना, मी दिली.

युनेस्कोने चोरट्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराविरुद्ध १९७० साली करार केला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही; म्हणून आजीची मोठी समई मी कधी इकडे आणली नाही. स्वतःच्या समईच्या बाबतीत मी कायदा पाळला आणि दुसऱ्याच्या बक्कलाच्या बाबतीत ‘जुना संग्रह’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवला. त्या दिवसानंतर १९७० पूर्वीचा लेखी पुरावा नसलेली कोणतीही वस्तू मी घेतलेली नाही. अशी वस्तू माझ्या ऐपतीत क्वचितच येते, त्यामुळे खरेदी जवळजवळ थांबली आहे. बक्कल मी त्या विक्रेत्याला परत केले नाही. त्याने ते दुसऱ्याला विकले असते. मी एका संग्रहालयाला पत्र लिहिले. मूळ ठिकाण कळल्याशिवाय ते कोणत्या देशाला परत द्यायचे हेच ठरत नाही, असे नम्र उत्तर आले. ते एका वेगळ्या डबीत आहे. मी ते कोणाला दाखवत नाही.

मन विटले, की मी ब्रिटिश म्युझियममध्ये जाते. तेथे सटन हू येथील राजाच्या दफनात १९३९ साली सापडलेले चांदीचे एक प्रचंड ताट आहे. त्याच्यावर सम्राट अनास्तासियसच्या काळातील शुद्धतेचे शिक्के आहेत. कॉन्स्टॅन्टिनोपलची वस्तू, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, शंभरेक वर्षांनी पुरलेली. पण ती कोठे, कशाशेजारी सापडली याची नोंद आहे, म्हणून ती बोलते. आणि अशा वस्तू केवळ पश्चिमेकडेच गेल्या असे नाही. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी आपल्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कल्लियाना बंदराचे नाव घेतो आणि तेथून तांबे-पितळ, शिसवीसारखे लाकूड आणि कापड बाहेर जाते असे लिहितो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अभ्यासक मानतात. ज्या जंक्शनवर मी लहानपणी गाडीच्या खिडकीतून वडापाव घेतला, तेथून गेलेल्या धातूचा एखादा कण माझ्या एखाद्या चकतीत असेल का? असा विचार करू नये, त्याला पुरावा नाही. पण केला जातो.

अण्णांनंतर भावाने दुकान काही वर्षे चालवले आणि मग गाळा भाड्याने दिला. तागडी, डबे, मापे भंगारात निघाली, तेव्हा मी गावीच होते. पासंगाचा दगड कधीच निखळून गेला होता. मी त्या ढिगातून किलोचे एक वजन उचलले. विमानतळावर तपासणी करणाऱ्या तरुणाने ते माझ्या हातपिशवीतून बाहेर काढले आणि हे काय आहे, असे विचारले. वजन, मी म्हटले. किती वजनाचे? एक किलो, असे त्यावर लिहिले आहे, मी म्हटले. माझे उत्तर किती काळजीपूर्वक होते, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते.

घरी दोन मिलिग्रॅमचा फरक सांगणारा काटा असताना ते वजन मी अकरा वर्षे तोलले नाही. तो काटा लहान वस्तूंचा आहे, किलोभर त्यावर बसत नाही, अशी सबब मी स्वतःला देत असे. स्वयंपाकघरात पाच किलोपर्यंतचा काटा होताच. गेल्या वर्षी पावसाळी सकाळी मी ते वजन पुसले, पालथे केले. बुडाच्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का अर्धाच आहे. उरलेला अर्धा पटाशीने उडाला आहे. मग मी ते काट्यावर ठेवले. १०१४ ग्रॅम. उचलून पुन्हा ठेवले. १०१४. शेजारणीचा काटा मागून आणला. तो १०१३ म्हणाला.

मी भावाला फोन केला. तो आनंदला. “बघ, जडच आहे. म्हणजे अण्णा लोकांना चौदा ग्रॅम जास्तच देत होते. उगाच तू इतकी वर्षं...” मी म्हटले, “विकताना. आणि सुगीत शेंगा घेताना?” तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने विचारले, की तुमच्याकडे आता किती वाजले.

त्या दुपारी मी वही काढली. माझ्या वहीत दर वस्तूला आठ रकाने आहेत : क्रमांक, वस्तू, धातू, काळ, वजन, प्राप्तिस्थान, पूर्वीचे मालक, शेरा. प्राप्तिस्थान आणि पूर्वीचे मालक हे दोन रकाने बहुतेक पानांवर कोरे आहेत. क्रमांक ११२ वर मी लिहिले : वजन, षट्कोनी. लोखंड, बुडाशी शिसे. सुमारे १९६०. प्रत्यक्ष भार १०१४ ग्रॅम, अंकित भार १ किलो. शिक्का अर्धवट. प्राप्तिस्थानाच्या रकान्यात गाव, पेठ, बाजाराचा वार आणि दुकानाची फळी कोणत्या दिशेला उघडे ते लिहिले. पूर्वीच्या मालकाच्या रकान्यात अण्णांचे पूर्ण नाव, जन्मवर्ष, मृत्युवर्ष. रकाना पुरला नाही, म्हणून समासात गेले. शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.